स्नोमोबाईलला हलकी लिथियम बॅटरी टाकावी का? आधी गाडीला दोरी आहे का ते बघा

मिनेसोटात राहून स्लेड बाळगणारे आपले मराठी लोक तसे कमीच, पण जे आहेत त्यातला भेटेल तो हल्ली एकच विचारतो, लिथियम टाकलीस म्हणे, कशी आहे, घेऊ का. म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकतो. (स्लेड म्हणजे स्नोमोबाईल. गुलमर्गला किंवा सोलंगला भाड्याने मिळते ती स्नो स्कूटर ज्यांनी बघितलीये त्यांना अंदाज येईल, फक्त इकडे लोक तिच्यावरून दिवसाला दीडशे-दोनशे किलोमीटर जंगलातून जातात.)

माझी गाडी ६०० सीसीची टू-स्ट्रोक, जुनी, सेल्फ आहे आणि दोरीही आहे (हाताने ओढून इंजिन चालू करायची ती). त्यात पहिल्यापासून युआसाच्या वायटीएक्स२०एल-बीएस साइझची एजीएम बॅटरी होती (शिशाचीच, पण सीलबंद), १८ अँपिअर-अवर, २७० सीसीए (थंडीत सेल्फ फिरवायची ताकद, खाली सांगतो), वजन सहा किलोच्या वर. ती वयाने थकली तेव्हा त्याच साइझची लिथियम घेतली, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेटवाली, मोबाईलमधली नव्हे. ब्रँड मुद्दाम सांगत नाही कारण खाली जे रडगाणं आहे ते बरंचसं कुठल्याही लिथियमला लागू आहे आणि उगाच एका कंपनीच्या डोक्यावर खापर नको.

डबा हातात घेतला की पहिली गंमत कळते, आत काही आहे का नाही असं वाटतं. दीड किलोच्या आसपास. केस पण मूळ बॅटरीपेक्षा बुटकी, त्यामुळे सोबत चिकटवायच्या फोमच्या पट्ट्या येतात, त्या खाली आणि बाजूला लावून ट्रेमध्ये घट्ट बसवायची. ह्या पट्ट्यांचा कंटाळा करू नका, जमलेल्या बर्फाच्या उंचवट्यांवरून गाडी तासभर आदळली की सैल बॅटरी टर्मिनलपाशीच हलायला लागते. दहाचा पाना, आधी निगेटिव्ह काढायचा आणि शेवटी निगेटिव्ह लावायचा, टर्मिनलला थोडं डायइलेक्ट्रिक ग्रीस, झालं काम.

आता मुद्द्याचं, थंडीत चालते का.

बॅटरीवर जो सीसीए आकडा असतो त्याचा अर्थ असा की उणे १८ अंश सेल्सिअसला ती बॅटरी ३० सेकंद सलग किती अँपिअर देऊ शकते, आणि तेही व्होल्टेज ७.२ च्या खाली न जाता. म्हणजे आपल्या घरातल्या डीप फ्रीझरचं तापमान. हे लक्षात आल्यावर मी दोन्ही बॅटऱ्या फुल चार्ज करून रात्रभर फ्रीझरमध्येच ठेवल्या, पुरणाच्या डब्याशेजारी, त्यावर घरात जे बोलणं झालं ते इथे लिहिण्यासारखं नाही. सकाळी लोड टेस्टर (बॅटरीतून मोठा करंट ओढून बघायचं यंत्र) लावला. जुनी एजीएम, थकलेली असूनही, लोड लागल्या लागल्या एका आकड्यावर आली आणि तिथून हळूहळू खाली सरकत राहिली. लिथियमचं उलटं, पहिल्या झटक्याला धाडकन खाली, एजीएमपेक्षाही खाली, आणि मग लोड चालू असतानाच व्होल्टेज वर चढायला लागलं. दुसऱ्यांदा लोड दिला तर पहिल्यापेक्षा बरी, तिसऱ्यांदा तर एकदम टणटणीत.

ह्याचं कारण सरळ आहे. गार पडलं की लिथियमच्या आतला रेझिस्टन्स खूप वाढतो, त्यामुळे सुरुवातीला करंट देता येत नाही, पण त्याच रेझिस्टन्समुळे करंट जाताना सेल आतून गरम होतात आणि मग रेझिस्टन्स उतरतो. शिशाच्या बॅटरीत असं होत नाही, ती पहिल्या दाबाला जे देईल तेच, नंतर कमीच. म्हणजे लिथियमला थंडीत उठवावं लागतं. आणि हे उठवणं ज्याला माहीत नाही तो पहिल्याच दाबाला नुसतं टक ऐकून बॅटरी मेली म्हणून शिव्या घालतो आणि दुकानात परत नेऊन देतो.

खऱ्या थंडीतला अनुभव सांगतो. डुलुथपासून वर ग्रँड मरेपर्यंत नॉर्थ शोअर स्टेट ट्रेल जातो, १४६ मैलांचा, त्या भागात एका केबिनबाहेर गाडी रात्रभर उघड्यावर होती, सकाळी उणे २९. बटण दाबलं, डिस्प्ले मंद झाला, रिले टक, बास. मिनिटभर थांबलो. परत दाबलं, इंजिन एखादा फेरा कसंबसं फिरलं. परत मिनिटभर. तिसऱ्यांदा घुर्रर्र करून नीट फिरलं आणि गाडी लागली. उणे दहा-बाराला मात्र हे काहीच करावं लागत नाही, पहिल्या दाबाला चालू, आणि खरं सांगायचं तर एजीएमपेक्षा जोरात फिरवते. तेव्हा तुमचं हिंडणं बहुतेक शून्य ते उणे पंधरामध्ये असेल आणि गाडी रात्री गॅरेजमध्ये असेल तर हा सगळा पॅरा विसरलात तरी चालेल.

बाईकवाले सांगतात की हेडलाईट दोन मिनिटं लावून ठेव, बॅटरी आपोआप गरम होते. बरोबर आहे, पण बहुतेक स्लेडला इंजिन चालू झाल्याशिवाय हेडलाईट लागतच नाही, हँडलचे हीटर पण नाही. मी त्यावर उपाय म्हणून चार्जरसाठी बॅटरीला जी छोटी वायर बाहेर काढलेली असते तिला लागेल असा एक प्लग घेऊन त्याला कारचा जुना ५५ वॉटचा हॅलोजन बल्ब जोडलाय. सकाळी कॉफी होईपर्यंत तीनेक मिनिटं तो लावून ठेवायचा, साधारण साडेचार अँपिअर ओढतो, तीन मिनिटांत पाव अँपिअर-अवरसुद्धा जात नाही आणि बॅटरी जागी होते. दिसायला जुगाड आहे पण काम चोख. बल्ब मात्र हातात धरू नका किंवा सीटवर टेकवू नका, चांगलाच तापतो.

चार्जिंगचं जरा नीट वाचा, कारण पैसे इथे बुडतात. गोठणबिंदूच्या खाली लिथियम चार्ज केली तर लिथियम आत जायच्या ऐवजी ॲनोडच्या पृष्ठभागावर धातूसारखं साचतं आणि ते नुकसान कायमचं. त्यामुळे उणे वीसच्या शेडमध्ये चार्जर लावून झोपायची जी एजीएमची सवय आहे ती इथे बंद. घरात आणायची, काही तास रूम टेम्परेचरला येऊ द्यायची, मग चार्ज. दीड किलोची असल्यामुळे आणणं जड जात नाही हे एक बरंय. गाडी चालू झाल्यावर स्टेटर (इंजिनमधला वीज बनवणारा भाग) चार्ज करतोच, म्हणून बॅटरीच्या बीएमएसमध्ये (बॅटरी सांभाळणाऱ्या आतल्या सर्किटमध्ये) गारठ्यात चार्जिंग आवरणारी सोय आहे का हे घेण्याआधी विचारा, स्वस्तातल्या बऱ्याच बॅटऱ्यांत बीएमएस म्हणजे फक्त सेल बॅलन्स करणारी एक छोटी पट्टी असते. चार्जर पण लिथियम मोडवालाच हवा, १४.६ व्होल्टच्या वर न जाणारा. जुन्या चार्जरमधला डीसल्फेशन मोड (शिशाच्या प्लेटवरचा सल्फेटचा थर काढायचा) लिथियमला अजिबात लावू नका. आणि गाडी जुनी असेल तर इंजिन फिरतं ठेवून टर्मिनलवर मल्टिमीटर लावून बघा, रेग्युलेटर (चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा भाग) खराब होऊन १५ च्या वर व्होल्टेज देत असेल तर आधी रेग्युलेटर बदला.

मल्टिमीटरवरून आठवलं, शिशाच्या बॅटरीचे आकडे डोक्यातून काढून टाका. १२.६ दिसलं की आपण म्हणतो मस्त आहे. लिथियम १२.६ दाखवत असेल तर ती जवळजवळ रिकामी आहे, भरलेली ही १३.३ च्या आसपास असते आणि मधल्या सगळ्या वेळात व्होल्टेज जवळपास हलतच नाही, त्यामुळे निम्मी उरलीये का पाऊण हे मीटरवरून नीट कळत नाही.

अँपिअर-अवरच्या आकड्यात पण गंडवागंडवी आहे. डब्यावर मोठ्या अक्षरात १८ लिहिलेलं असतं आणि बारीक अक्षरात लेड इक्विव्हॅलंट, म्हणजे शिशाच्या १८ च्या तोडीची सेल्फ मारायची ताकद असा दावा, आत खरे अँपिअर-अवर सहा-सात. सेल्फपुरतं ते चालतं. पण ट्रेलवर इंजिन बंद करून जीपीएस, फोन चार्जर असं काही लावून बसायची सवय असेल तर ती एजीएमच्या आधी उतरणार. क्रँकिंगचा आकडा वाचताना पण सीसीए लिहिलंय का नुसतं सीए किंवा पीसीए ते बघा, सी गाळलेला आकडा सहसा उबदार तापमानाचा किंवा दोन-तीन सेकंदांच्या झटक्याचा असतो, तो बघून उणे तीसचं गणित करू नका.

आता वजन, ज्याच्यासाठी एवढा खटाटोप. वाचलं साधारण साडेचार-पाच किलो. गाडी दोनशे किलोच्या पुढे, वर आपण, आपले ते अंतराळवीरासारखे कपडे. पेट्रोल लिटरला पाऊण किलोच्या आसपास भरतं, म्हणजे टाकीत सहा लिटर कमी भरलं तरी तेवढंच वजन वाचतं, फुकट. मिनेसोटात २२,००० मैलांचे ट्रेल आहेत, बहुतेक क्लबच्या लोकांनी राखलेले, गुळगुळीत, तिथे पाच किलोने तुम्हाला घंटा फरक कळणार नाही. मला तरी कळलेला नाही. फरक कुठे पडतो तर मोंटाना, वायोमिंग, ब्रिटिश कोलंबियासारख्या डोंगरात, कमरेएवढ्या भुसभुशीत बर्फात गाडी आडवी करून वळवतात किंवा रुतली की हाताने उपसून काढतात तिथे, आणि तिकडचे लोक तर बॅटरी आणि सेल्फ दोन्ही काढूनच टाकतात, दोरीवर चालवतात. स्की-डू ह्या स्लेडच्या ब्रँडचा शॉट स्टार्टर त्याच विचारातून आलाय, त्यात बॅटरीच नाही, अल्ट्राकपॅसिटर आहे (झटपट चार्ज होणारा, पण थोडीच वीज साठवणारा), सकाळी पहिल्यांदा दोरी ओढायची, मग तो चार्ज होतो आणि दिवसभरात थांबून पुन्हा चालू करताना बटण चालतं. जास्त वेळ थांबलात तर परत दोरी. डोंगरवाल्यांना माझ्या मते लिथियमपेक्षा तेच बरं.

दोरीचा प्रश्न मला डुलुथकडच्या दुकानातल्या म्हाताऱ्याने विचारला होता, बॅटरीचं मॉडेल वगैरे विचारायच्या आधी. गाडीला दोरी आहे का? आहे म्हटल्यावर मग वाट्टेल ती घे म्हणाला. त्याचं म्हणणं शंभर टक्के पटलं ते आमच्या नाशिकच्या मित्रामुळे. त्याच्याकडे रोटॅक्स ९०० एसीई इंजिनची फोर-स्ट्रोक आहे, तीन सिलिंडर, दोरीच नाही, सेल्फ लागला नाही तर गाडी म्हणजे बर्फात ठेवलेलं फर्निचर. फोर-स्ट्रोकला गारठलेलं ऑईल ढवळत इंजिन फिरवायचं असतं, करंट जास्त लागतो. तोही वजनाच्या नादाने लिथियमच्या मागे होता, मी त्याला सरळ सांगितलं, नको. त्याने वायटीएक्स२०एचएल-बीएस साइझची एजीएम घेतली, डबा तेवढाच पण सीसीए ३१०. दीडशे डॉलरच्या आसपास गेले, लिथियमला अडीचशे-तीनशे गेले असते. एजीएमला फक्त एक पथ्य, उतरलेल्या अवस्थेत थंडीत सोडायची नाही. पूर्ण भरलेली उणे पन्नासलाही गोठत नाही, पण रिकामी शून्याच्या खाली थोड्याच अंशांवर गोठते आणि केस फुगते किंवा तडकते. आणि हे पन्नासचं मी हवेत बोलत नाहीये, याच राज्यात टॉवर गावाजवळ २ फेब्रुवारी १९९६ ला उणे ५१ नोंदलं गेलंय.

उन्हाळ्यात मात्र लिथियम सुख देते. गाडी एप्रिलपासून नोव्हेंबरपर्यंत शेडमध्ये पडून, एजीएमला मेंटेनर (हळूहळू चार्ज देत राहणारा छोटा चार्जर) लावून ठेवावा लागतो नाहीतर सल्फेशन होऊन मरते. लिथियम भरून निगेटिव्ह काढून ठेवली आणि नोव्हेंबरमध्ये बघितली तर जवळपास होती तशी.

मग माझी टिकली ना, समाधानी आहेस का, तर हो, आहे, कारण माझ्याकडे दोरी आहे आणि बल्ब आहे, आणि जॅकेटच्या आतल्या खिशात छोटा जंप पॅक (उतरलेल्या बॅटरीला करंट द्यायची खिशातली बॅटरी) असतो. आतल्याच खिशात हं, तोही लिथियमच, बाहेरच्या बॅगेत गारठला तर ऐन वेळी त्यालाच जंप द्यायची वेळ यायची. परत घ्यायची झाली तर बहुधा अँटीग्रॅव्हिटी कंपनीची रीस्टार्टवाली बघेन, तिचा बीएमएस बॅटरी पार उतरायच्या आधी स्वतःच बंद होतो आणि थोडा चार्ज राखून ठेवतो, बटण दाबलं की तेवढ्यावर सेल्फ मारता येतो. जंगलात एकटे जाणाऱ्याला ही सोय पैसे देऊन घेण्यासारखी वाटते. दुकानातून घेताना जुनी शिशाची बॅटरी सोबत घेऊन जा, कोअर डिपॉझिट (जुनी बॅटरी परत यावी म्हणून घेतलेली रक्कम) लावलं असेल तर ते परत मिळतं. लिथियम मेली की ती कचऱ्यात टाकायची नाही, काउंटीच्या हझार्डस वेस्ट सेंटरला द्यायची, टर्मिनलवर टेप लावून.