विदूषकाचा पोशाख भाड्याने हवाय? इंदुरात या दुकानात जा

राजवाड्यामागच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर, नाटकाची ड्रेपरी भाड्याने देणारं जुनं दुकान आहे. मंडळाच्या गणेशोत्सवात मी मुलांची नाटुकली बसवते. यंदा फ्रान्सच्या राजाच्या विदूषकाची गोष्ट घेतली होती. १३४० साली स्लॉइसच्या लढाईत इंग्रजांनी फ्रेंच आरमाराचा धुव्वा उडवला. ही बातमी सहाव्या फिलिपच्या कानावर घालायला कुणी धजेना. शेवटी विदूषकच म्हणाला, असं सांगतात, की इंग्रज भलतेच भित्रे. आपल्या वीरांसारखी समुद्रात उडी घ्यायची त्यांची छातीच नाही!

बाकी दुकानांत विदूषक म्हटलं की लाल नाक आणि कुरळा टोप पुढे करतात. तो सर्कशीतला जोकर झाला. मला दरबारातला हवा होता, राजाला तोंडावर खरं सांगणारा. इथल्या मास्टरांनी मोबाइलवरचं चित्र मोठं करून पाहिलं आणि विचारलं, "ताई, हा बोलतो की नुसत्या उड्या मारतो?" बोलतो म्हटल्यावर म्हणाले, "मग घुंगरं कमी लावू, नाहीतर वाक्यं ऐकूच येणार नाहीत."

अंगरखा अर्धा लाल, अर्धा पिवळा. टोपीला गाढवाचे लांब कान, आत बक्रम घातलेलं, त्यामुळे कान उभे राहून टोकाशी तेवढे लवतात. घुंगरू फक्त त्या टोकांना, दुहेरी दोऱ्याने पक्कं टाचलेलं. हातातल्या काठीवर छोटं रंगवलेलं मुंडकं. आमच्या पोराने आधी त्या मुंडक्याशी कुजबुज केली, मग मान हलवून राजाला ते वाक्य ऐकवलं. पुढच्या रांगेतले आजोबा खो खो हसले. तमाशातल्या सोंगाड्याला मिळते तशीच दाद होती ती.

प्रत्येक विदूषक असा नटत नसे, हेही सांगते. इंग्लंडच्या आठव्या हेन्रीचा विदूषक विल सॉमर्स १५४५ च्या सुमाराच्या राजघराण्याच्या चित्रात साध्याच कपड्यांत आहे, खांद्यावर माकड. तुमच्या नाटकात तो असेल तर हा पोशाख घेऊ नका.

भाडं ४०० रुपये, डिपॉझिट १०००. एक घुंगरू हरवलं तरी डिपॉझिट पूर्ण परत मिळालं. कपड्यांना डांबराच्या गोळ्यांचा वास फार येतो, आधी उन्हात टाकावे लागतात. विजारीचे गुडघेही विरलेत, ते बदलायलाच हवेत. मापं लहान मुलांचीच आहेत. मोठ्यांसाठी शिवून घ्यावं लागेल. फोनवर बुकिंग घेत नाहीत. गणपतीच्या तोंडावर पाय ठेवायला जागा नसते, त्यामुळे श्रावणातच एखाद्या दुपारी मास्टरांना गाठा.