दोन रेघा उमटल्या की निरोप: मिसकॅरेजनंतरच्या एका आधारगटाचे परीक्षण

नवव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत ठोके दिसले नाहीत, त्यानंतर तीन आठवड्यांनी मी या आधारगटात नाव नोंदवले आणि पुढचे सात महिने त्यात होते. मिसकॅरेजनंतर पुन्हा चान्स घेणाऱ्या किंवा घ्यावा की नाही अशा विचारात असलेल्या बायकांसाठी हा गट चालतो. एका वेळी जास्तीत जास्त दहाजणी, दर पंधरवड्याला दीड तासाची बैठक, ती चालवणाऱ्या एक समुपदेशक आणि बैठकांच्या मधल्या दिवसांत निरोपांसाठी मोबाइलवरचा एक गट, अशी त्याची साधी मांडणी आहे. गटाचे नाव मी देणार नाही, कारण माझी जी मुख्य तक्रार आहे ती मी चालवणाऱ्यांना सांगून झाली आहे, आणि अशा बहुतेक गटांना ती कमीअधिक लागू पडेल असे मला वाटते.

पहिल्याच बैठकीत समुपदेशकांनी जे केले त्यासाठी मी त्यांना पूर्ण गुण देईन. मराठीत गर्भपात हा एकच शब्द केलेल्यालाही लागतो आणि आपोआप झालेल्यालाही, त्यामुळे दवाखान्याच्या कागदावर तो वाचताना आपल्यावर काहीतरी ठपका ठेवला आहे असे वाटत राहते. समुपदेशकांनी प्रत्येकीला विचारले, की जे झाले त्याला तुम्ही मनात काय म्हणता? एक म्हणाली, ‘मिसकॅरेज’. दुसरी म्हणाली, ‘माझं पहिलं’. एक नुसतीच ‘ते’ म्हणाली आणि थांबली. त्या दिवसापासून तिच्याशी बोलताना सगळ्या जणी ‘ते’च म्हणत, ‘माझं पहिलं’ म्हणणारीला ‘तुझं पहिलं’ म्हणत, आणि सात महिन्यांत हे कुणाचे चुकल्याचे मला आठवत नाही.

दुसऱ्या बैठकीला एक स्त्रीरोगतज्ज्ञ आल्या होत्या. आम्ही दहाजणी आपापली कारणे बरोबर घेऊनच बसलो होतो. कुणी त्या आठवड्यात स्कूटर चालवली होती, कुणाचे नवऱ्याशी कडाक्याचे भांडण झाले होते, मी कपाटाचा वरचा कप्पा आवरला होता. डॉक्टरांनी सगळ्यांचे ऐकून घेतले आणि मग सांगितले, की लक्षात आलेल्या दर शंभर गर्भधारणांपैकी साधारण पंधरा अशा संपतात, त्यांतल्या बहुतेक पहिल्या तीन महिन्यांत, आणि त्या सुरुवातीच्या मिसकॅरेजपैकी निम्म्या किंवा त्याहून अधिक वेळा गर्भाच्या गुणसूत्रांतच दोष असतो, जो बहुधा बीज फळण्याच्या सुमारासच ठरून गेलेला असतो. म्हणजे मी कपाट उघडले तेव्हा ते आधीच ठरलेले असण्याची शक्यता मोठी होती. हे मी आधी वाचले नव्हते असे नाही, पण आणखी नऊ जणींची तितकीच क्षुल्लक कारणे कानांनी ऐकल्यावर माझ्या कारणातला फोलपणा मला जसा दिसला तसा वाचून दिसला नव्हता.

पुन्हा प्रयत्न कधी सुरू करायचा, यावर त्या दिवशी सर्वांत जास्त गोंधळ होता, कारण एकीला सहा महिने थांबायला सांगितले होते, दुसरीला तीन, आणि मला एक पाळी येऊ द्या एवढेच. डॉक्टरांनी तो गुंता नीट सोडवला. सहा महिन्यांचा सल्ला जागतिक आरोग्य संघटनेच्या २००५ च्या सल्लामसलतीतून आलेला आहे. नंतर अनेक अभ्यास एकत्र करून २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात सहा महिन्यांच्या आत राहिलेल्या गर्भधारणांचे परिणाम वाईट असल्याचे आढळले नाही, त्यामुळे साध्या, सुरुवातीच्या मिसकॅरेजनंतर रक्तस्राव थांबला, जंतुसंसर्ग नाही आणि मनाची तयारी आहे, तर उगाच महिने मोजत बसायचे कारण नाही. एक पाळी जाऊ देण्याचा उपयोग मुख्यतः पुढच्या गर्भाचे दिवस मोजणे सोपे जावे इतकाच. अपवादही त्यांनी स्पष्ट सांगितले: द्राक्षगर्भ (गर्भाऐवजी वारेची द्राक्षांच्या घडासारखी असाधारण वाढ) झाला असेल तर रक्तातले संप्रेरक पूर्ण खाली येऊन डॉक्टर परवानगी देईपर्यंत थांबायचे, आणि नळीतल्या गर्भासाठी मेथोट्रेक्सेटचे इंजेक्शन घेतले असेल तर किमान तीन महिने. आमच्यात त्या इंजेक्शनवाली एक जण होती आणि तिला हे कुणी सांगितलेच नव्हते. ही एक बैठक सोडली तर डॉक्टर पुन्हा आल्या नाहीत, आणि ही माझी छोटी तक्रार. कारण खरे प्रश्न पुढच्या महिन्यांत उगवतात.

माझा तर चौथ्याच आठवड्यात उगवला. ओव्हुलेशनच्या, म्हणजे बीज सुटायची वेळ लघवीतून सांगणाऱ्या पट्ट्या आणून मी रोज तपासत होते आणि लागोपाठ पाच दिवस दुसरी रेघ पहिलीइतकीच गडद येत होती. आनंदाने मी गटावर लिहिले. आमच्यातल्या एक ताई, ज्यांचा जन्म प्रयोगशाळेत रक्ताच्या नळ्या हाताळण्यात गेला आहे, त्यांचा लगेच उलटा प्रश्न आला: “अगं, प्रेग्नन्सी टेस्ट निगेटिव्ह आली का तुझी? आधी ती कर बघू.” केली, तर तिथेही फिकट दुसरी रेघ. गर्भाचे एचसीजी आणि बीज सुटण्याआधी वाढणारे एलएच या दोन संप्रेरकांची बांधणी अर्धी सारखी असते, म्हणून अंगात एचसीजी शिल्लक असले की एलएचची पट्टी फसू शकते. आणि मिसकॅरेजनंतर ते पूर्ण उतरायला काही आठवडे लागू शकतात. मी डॉक्टरांकडे जाऊन बीटा एचसीजीची रक्ततपासणी केली, ते उतरत होते, आणि सहाव्या आठवड्यात पाळी आली. माझी पट्टी गेलेल्या बाळाचा उरलेला हिशोब दाखवत होती, हे कळल्यावर मी रडले, पण त्या रात्री ताई फोनवर होत्या.

पट्ट्या वापरायच्याच तर कशा, हेही ताईंनीच शिकवले. पाळी सुरळीत झाल्यावर, रोज एकाच वेळी, शक्यतो दुपारी, आधी दोन तास फार पाणी न पिता तपासायचे. दुसरी रेघ पहिलीइतकी किंवा अधिक गडद झाली की साधारण २४ ते ३६ तासांत बीज सुटते. सुटलेले बीज जेमतेम एक दिवस टिकते आणि शुक्राणू पाच दिवसांपर्यंत जगू शकतात, म्हणून पट्टीची वाट पाहत आधीचे दिवस वाया घालवणे हा सर्वांत मोठा घोटाळा, असे त्या म्हणत. पीसीओएस (बीजकोशांशी निगडित संप्रेरकांचा बिघाड) असलेल्या एकीला त्यांनी पट्ट्यांचा नाद सोडायलाच सांगितले, कारण तिचे एलएच मुळातच चढे असते.

आता या गटातली सर्वांत विचारपूर्वक केलेली गोष्ट सांगते. जिला दिवस राहतील तिने ती बातमी आधी फक्त समुपदेशकांना कळवायची, आणि त्यांनी बैठकीच्या आदल्या संध्याकाळी बाकीच्यांना वेगवेगळा निरोप धाडायचा, की उद्या एक बातमी सांगितली जाणार आहे, यायचे की नाही ते तुम्ही ठरवा, न आल्यास कारण विचारले जाणार नाही. तिसऱ्या महिन्यात असा निरोप आला तेव्हा मी गेले नाही. त्याच दिवशी माझी पाळी आली होती. नंतर कळले की आणखी तिघी गेल्या नव्हत्या. पाचव्या महिन्यात मात्र मी गेले. जिची बातमी होती ती हसत नव्हती. “सहा दिवस झाले कळून, घरी अजून कुणालाच सांगितलं नाही,” असे ती म्हणाली. कुणीही अभिनंदन म्हटले नाही. थोड्या वेळाने एकीने विचारले, “झोप लागते का गं?” आणि ती मानेनेच नाही म्हणाली. दुसऱ्याची बातमी ऐकून पोटात कालवते याची लाज वाटू न देणारी दुसरी जागा मला या काळात मिळाली नाही. नात्यागोत्यात तर ‘काय, काही बातमी?’ हा प्रश्न विचारणारा माणूस उत्तराची वाटही पाहत नाही.

नवरे मंडळींसाठी सात महिन्यांत एकच बैठक झाली, तीही घाईघाईत उरकलेली. माझा नवरा तिथून आला तो एवढेच बोलला, की तिथल्या पाचही जणांनी ‘ती आता बरी आहे’ या वाक्याने सुरुवात केली आणि स्वतःबद्दल कुणी काही बोलले नाही. त्यांना दुसरी बैठक मिळाली असती तर कदाचित बोलले असते.

एका बाबतीत गटाची मांडणी मला चुकीची वाटते. एक मिसकॅरेज झालेल्या आणि तीन झालेल्या बायका इथे एकत्र बसतात. आम्हा पहिलटकरणींना सारखा दिलासा दिला जाई, की एकदा झाले म्हणजे पुन्हा होईलच असे नाही, बहुतेकींचे पुढचे नीट पार पडते. हे खरे आहे. पण तीनदा त्यातून गेलेली बाई समोर बसलेली असताना ते वाक्य तिच्यासाठी नसते, आणि ते तिलाही कळत असते. तिला गरज होती ती तपासण्यांची दिशा दाखवणाऱ्या कुणाची तरी: अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडी (रक्तात गुठळ्या होण्याचा धोका वाढवणारी प्रतिपिंडे), थायरॉइड, गर्भपिशवीचा आकार, गरज भासल्यास गुणसूत्रे. काही वैद्यकीय संस्था दोन आणि काही तीन मिसकॅरेजनंतर अशी तपासणी सुचवतात. ती चौथ्या बैठकीनंतर आली नाही, आणि कारण न विचारण्याच्या नियमामुळे तिला कुणी विचारलेही नाही. नियम चांगला होता, पण त्या वेळी तो मोडायला हवा होता असे मला अजून वाटते.

आणि आता मुख्य तक्रार. टेस्ट पॉझिटिव्ह आली की दोन आठवड्यांत गटाचा निरोप घ्यावा लागतो. उरलेल्यांना त्रास होऊ नये हा हेतू मला समजतो, कारण तिसऱ्या महिन्यात घरी बसून राहिलेली मीच होते. पण सहाव्या महिन्याच्या शेवटी माझ्याच पट्टीवर दोन रेघा उमटल्या तेव्हा मला त्या नियमाची दुसरी बाजू दिसली. चौथा आठवडा सरत होता, मागच्या वेळी जिथे सगळे थांबले तो नववा आठवडा पस्तीस दिवस दूर होता, आणि त्या पस्तीस दिवसांत दर वेळी बाथरूममध्ये गेल्यावर रक्त दिसते का हे पाहणारी मी एकटी पडणार होते. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, सुरुवातीच्या काळात गर्भ गमावलेल्या २९ टक्के बायकांमध्ये एक महिन्यानंतर आणि १८ टक्क्यांमध्ये नऊ महिन्यांनंतरही आघातोत्तर तणावाची लक्षणे आढळली होती. नऊ महिने म्हणजे नेमका तो काळ, ज्यात अनेकींना पुन्हा दिवस राहिलेले असतात. दोन रेघांनी ही भीती संपत नाही, उलट तिला तारीख मिळते.

सहाव्या आठवड्यात मला डाग दिसला. आधी मिसकॅरेज झालेल्या आणि पुन्हा गरोदरपणात सुरुवातीलाच रक्तस्राव होणाऱ्या बाईला प्रोजेस्टेरॉन हे गर्भ टिकायला मदत करणारे संप्रेरक द्यावे, असे ब्रिटनच्या नाइस या संस्थेची मार्गदर्शक तत्त्वे २०२१ पासून सांगतात, आणि माझ्या डॉक्टरांनीही सोनोग्राफी करून ते सुरू केले. औषधाची सोय झाली. पण त्या रात्री कुणाशी बोलावे हे मला कळेना, कारण गटाचा निरोप घेऊन तीन दिवस झाले होते. शेवटी ज्या मैत्रिणीने ‘झोप लागत नाही’ म्हणून मान हलवली होती तिला मी निरोप पाठवला. पहाटेचे तीन वाजले होते आणि ती जागीच होती. आता ती, मी आणि तिसऱ्या महिन्यात बाहेर पडलेली एक जण असा आमचा तिघींचा वेगळा गट आहे, आणि त्याला समुपदेशक नाही.

हे सगळे मी गट चालवणाऱ्यांना लेखी कळवले आणि दिवस राहिलेल्यांसाठी शेजारी एक वेगळा गट असावा असे सुचवले. ‘विचार करू’ असे सौजन्यपूर्ण उत्तर आले. नव्या तुकडीच्या माहितीपत्रकात मात्र तोच नियम त्याच शब्दांत छापलेला आहे.

मिसकॅरेज होऊन फार दिवस झाले नसतील, तुमचा तो पहिलाच अनुभव असेल आणि घरातल्या माणसांसमोर बरे असल्याचे नाटक करून तुम्ही थकला असाल, तर या गटात जरूर जा. पहिले चार महिने मला याहून चांगला आधार मिळाला नसता. दोन किंवा अधिक वेळा झाले असेल तर आधी तपासण्यांचे मार्गी लावा आणि नाव नोंदवण्यापूर्वी त्या तुकडीत तुमच्यासारखी आणखी कुणी आहे का ते विचारा. ज्या कुठल्या गटात जाल तिथे दिवस राहिल्यावर काय होते हेही पहिल्याच फोनवर विचारून घ्या, आणि उत्तर ‘निरोप’ असे असेल तर गटातल्या एकीदोघींचे नंबर आधीच घेऊन ठेवा.