कुलपाची ग्रॅफाइट पावडर: किल्ली अडकत असेल तर घ्या, दार फुगलं असेल तर नको

पंचगंगेला पाणी चढायचे दिवस आले की कोल्हापुरात घरोघरी दाराची कुलपं अडायला लागतात आणि पहिला हात जातो तो खोबरेलाच्या बाटलीकडे. कुलपाचं त्याच्याइतकं नुकसान दुसरं काही करत नाही. खोबरेल साधारण २४ अंशांखाली थिजतं. जुलैत सैल झालेली किल्ली डिसेंबरच्या पहाटे फिरतच नाही, आणि मधल्या काळात रस्त्याची धूळ त्या तेलाला चिकटून आत चिखल झालेला असतो.

त्याऐवजी घ्यायची ती ही पूड. बारीक तोंडाच्या छोट्या प्लास्टिकच्या बाटलीत येते, एक बाटली वर्षानुवर्षं पुरते. ग्रॅफाइट कोरडं असल्यामुळे धूळ धरत नाही. सिलिंडरच्या, म्हणजे किल्ली गोल नळीत घालून फिरवायच्या कुलपात बहुतेक वेळा पाच-सहा पिना असतात आणि प्रत्येकीमागे केसासारखी बारीक स्प्रिंग. त्या मोकळ्या हलल्या की काम झालं.

पण विकत घेण्याआधी एक तपासणी कराच. दार उघडं ठेवून किल्ली फिरवा. उघड्या दारात लोण्यासारखी फिरली आणि बंद दारात अडली, तर कुलपाचा काही दोष नाही. लाकूड फुगलंय किंवा दार खाली बसलंय. इथे पूड घालणं म्हणजे पैसे वाया. बोल्टच्या, म्हणजे किल्लीने बाहेर येणाऱ्या दांड्याच्या कडेला थोडं ओलं कुंकू लावा, दार लावून किल्ली फिरेल तेवढी फिरवा. चौकटीवरच्या पट्टीला जिथे लाल डाग पडेल तिथेच घासतंय. एक-दोन मिलिमीटरचा फरक चपट्या कानशीने निघतो. डाग भोकाच्या खालच्या काठावर असेल तर आधी वरच्या बिजागरीचे स्क्रू बघा. नुसतेच फिरत असतील तर गूल काढलेल्या दोन-तीन आगकाड्या फेविकॉलमध्ये बुडवून भोकात ठोका, रात्रभर वाळू द्या, मग स्क्रू आवळा. भर पावसात दाराला रंधा मारायची घाई नको. उन्हाळ्यात लाकूड आकसतं आणि फट कायमची राहते. उघडीप पडल्यावर दाराच्या खालच्या-वरच्या कोऱ्या कडांना पॉलिश किंवा रंग द्या. सुतार बहुधा त्याच सोडतात आणि पाणी तिथूनच शिरतं.

उघड्या दारातही अडत असेल तर आधी मूळ किल्ली लावून बघा. डुप्लिकेटवरून काढलेली डुप्लिकेट हे नेहमीचं कारण. तिचे दात पिनांना नीट उचलत नाहीत, त्याला कुठलीच पूड उपयोगाची नाही. मूळ किल्लीही अडली तर मात्र ग्रॅफाइटच्या पुडीची पाळी. आधी तेल घातलेलं असेल तर डब्ल्यूडी-४० हा स्प्रे मारून, किल्ली आतबाहेर करून, काळं पाणी फडक्याने टिपा आणि एक दिवस पूर्ण वाळू द्या. ओल्यावर पूड पडली तर तिचा लगदा होऊन पिना जाम होतात. डब्ल्यूडी-४० हे पाणी हटवायला बनवलेलं द्रावण, कायमचं वंगण म्हणून त्याच्यावर भिस्त ठेवू नका. वाळल्यावर बाटली दोनदा हलकेच दाबा, बस्स. किल्ली दहा-बारा वेळा आतबाहेर करा, फिरवा, पुसा. जास्त ओतली तर ती आत दबून बसते.

तोटे सांगायलाच हवेत. काळे डाग पडतात, पहिले दोन दिवस किल्ली पांढऱ्या सदऱ्याच्या खिशात नको. बोल्टला आणि लॅचच्या जिभेला ही नको, तिथे शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब चांगला. आणि एकाच कुलपाची गरज असेल तर बाटलीही घेऊ नका. ६बी पेन्सिल किल्लीच्या दातांवर घासून तीन-चार वेळा फिरवली तरी भागतं. फाउंड्रीच्या या गावात ग्रॅफाइट कुणाकडून तरी फुकट मिळतं, पण साच्याला लावायच्या पुडीत माती, जाड कण असू शकतात. ती कुलपात घालू नका.

डिजिटल कुलपापासून ही बाटली लांबच ठेवा. ग्रॅफाइटमधून वीज वाहते.