तारा डाव्या छातीवर होता

23,125 युरो गेले. बोली 18,500 ची, वर लिलावगृहाचं 25 टक्के कमिशन, 4,625. हाती आलं ते डेन्मार्कच्या कुणा अधिकाऱ्याचं तैलचित्र, रशियन करून विकलेलं.

ही युक्ती जुनीच. पश्चिम युरोपातल्या कमी नावाच्या चित्रकाराचं एकोणिसाव्या शतकातलं चित्र स्वस्तात उचलायचं, मूळ सही काढायची, रशियन सही टाकायची. 2004 मध्ये लंडनच्या लिलावातून शिश्किन या रशियन चित्रकाराचं म्हणून आलेलं निसर्गचित्र मागे घ्यावं लागलं, ते कूकूक या डच चित्रकाराचं निघालं. हे मला ठाऊक होतं. पण इथे कॅनव्हास जुना, खिळे गंजलेले, तडे खरे. कुणीही फसलं असतं.

नाही, दिसायला हवं होतं. लाल पट्टा, पिवळ्या कडा, म्हणजे सेंट ॲन या रशियन सन्मानाचा पहिला वर्ग. तो पट्टा डाव्या खांद्यावरून उजव्या कमरेकडे उतरतो आणि सन्मानाचा तारा उजव्या छातीवर असतो. चित्रात दोन्ही उलट! नव्या रंगाखाली डॅनेब्रोग या डॅनिश सन्मानाचा पांढरा, लाल कडांचा पट्टा होता. त्यांनी रंग बदलला, जागा तीच राहिली. पाहणीच्या दिवशी मी पंधरा मिनिटं त्या ताऱ्यासमोर उभा होतो आणि वाचत होतो शिक्क्याचं प्रमाणपत्र. आठवलं की अंगाची आग होते. कागद नंतर वाचा, आधी चित्र बघा.

तपासणीचे 1,240 युरो वेगळे. अतिनील प्रकाशात पट्टा आणि सही काळी दिसली, म्हणजे जुन्या व्हार्निशवर नवा रंग. पिवळ्या कडांत टायटॅनियम व्हाइट. चित्रावर साल 1882, आणि हा रंग चित्रकारांच्या हाती 1920 च्या आसपास आला. सहीचा रंग तड्यांत उतरलेला: आधी चित्र तडकलं, मग सही झाली. हे तर दहापट भिंगातून जागेवरच दिसतं. भिंग आणि अतिनील टॉर्च नेल्याशिवाय बोली लावू नका. व्यंजनान्त आडनावाच्या शेवटी 1918 आधी लिहायचं ते रशियन लिपीतलं कठोर-चिन्हही (ъ) सहीत नव्हतं.

लिलावगृहाने तक्रारीची तीस दिवसांची अट दाखवली. अहवालच सहा आठवड्यांनी आला. (ही मुदत बोलीआधी वाचा, लेखी वाढवून घ्या.) पोलीस म्हणाले, दिवाणी बाब आहे. सरकारी वकिलांचं दोन ओळींचं पत्र आलं, हेतू सिद्ध होत नाही. प्रमाणपत्र देणाऱ्याला कुणी साधं बोलावलंही नाही. जुन्या लिलावाचा कॅटलॉग मीच शोधून टेबलावर ठेवला: 900 युरो, तोच चेहरा, तीच मिशी, पट्टा पांढरा. त्याची झेरॉक्ससुद्धा त्यांनी काढून घेतली नाही.