माळ्यावरच्या कॅसेटी संगणकावर उतरवाव्यात की नेटवरून गाणी घ्यावीत?

माळ्यावर नाट्यसंगीताच्या कॅसेटी धूळ खात पडल्यात आणि तेच सगळं टॉरेंटवर (म्हणजे लोक एकमेकांच्या संगणकांवरून फाइली घेतात ती सोय), टेलिग्रामवर आयतं मिळतंय. मग त्या संगणकावर उतरवत कशाला बसायचं? या पेचातून मी गेलोय. सोपं काय, हे सांगायला माझी गरज नाही. पण कायद्याच्या दृष्टीने दोन्ही सारखंच, कॉपी ती कॉपी, असं बरेच जण धरून चालतात. मी वकील नाही, तरी जेवढं वाचलं त्यावरून तसं वाटत नाही.

आपल्या 1957च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 52 खासगी वापरासाठी केलेल्या रास्त नकलेला उल्लंघन मानत नाही. पूर्वी ही सवलत साहित्य, नाटक, संगीतरचना, चित्रं यांच्यापुरती होती, ध्वनिमुद्रण तिच्यात बसत नव्हतं. 2012च्या दुरुस्तीने संगणक प्रोग्रॅम सोडून बाकी सगळं तिच्यात आलं, आणि अशा वापरासाठी इलेक्ट्रॉनिक साठवण केली तरी चालेल हेही स्पष्ट झालं. म्हणजे विकत घेतलेली कॅसेट स्वतःच्या हार्ड डिस्कवर उतरवणारा माणूस बऱ्यापैकी सुरक्षित आहे. 'बऱ्यापैकी' अशासाठी, की रास्त म्हणजे किती हे कायदा आकड्यांत सांगत नाही. एक प्रत मोबाइलवर, एक हार्ड डिस्कवर, यावर कोणी भांडेलसं वाटत नाही. तीच नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकली की खासगीपण संपलं. ब्रिटनने अशी मुभा ऑक्टोबर 2014मध्ये दिली आणि जुलै 2015मध्ये तिथल्या हायकोर्टाने ती रद्द केली. तेव्हा या एका बाबतीत लंडनच्या मराठी माणसापेक्षा सांगलीचा बरा.

उतरवणं कटकटीचं आहे, हे मान्य. साठ मिनिटांच्या कॅसेटला साठ मिनिटं लागतातच. प्लेअरचं हेड, म्हणजे टेपला टेकून आवाज वाचणारा भाग, अल्कोहोलने पुसा, कॅसेटच्या आतली फेल्टची गादी निघाली असेल तर चिकटवा, मग ऑडॅसिटी हा रेकॉर्डिंगचा प्रोग्रॅम चालू करून बसा. आवाज दबका येत असेल तर हेडशेजारचा बारीक स्क्रू जरासा फिरवून बघा. जागा नेमकी सापडली की इतका वेळ गुदमरलेले टाळ एकदम मोकळे वाजतात. मला तर त्यातच मजा येते, पण ती सगळ्यांना येईल असं नाही.

नेटवरचा माल पुष्कळदा माझ्यापेक्षा स्वच्छ असतो, आणि कोणत्याच कंपनीने न काढलेल्या मैफिली तिथेच सापडतात. त्याचा मोह मलाही होतो. माझं मन उडालं ते टॉरेंटच्या एका खोडीने. भाच्याच्या लॅपटॉपवर फाइल उतरताना बघत होतो. अजून निम्मीही आली नव्हती, आणि शेजारच्या रकान्यात अपलोडचा आकडा पळायला लागला होता. पंगतीला बसावं आणि पहिला घास घ्यायच्या आत हातात वाढायची बादली द्यावी, तसला प्रकार. अपलोडला मर्यादा घालता येते, फाइल आल्यावर सीडिंग, म्हणजे ती पुढे इतरांना देत राहणं, बंद करता येतं. पण घेता घेता देणं हाच त्या यंत्रणेचा पाया आहे. आणि लोकांना गाणं उपलब्ध करून देणं हा हक्क मालकाचा. तिथे खासगी वापराची ढाल उपयोगी पडत नाही. जाणूनबुजून उल्लंघन केल्यास कलम 63प्रमाणे सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड आहे. धंदा किंवा नफ्यासाठी केलेलं नसेल तर खास कारणं नोंदवून न्यायालय शिक्षा कमी करू शकतं.

आपल्याकडे कारवाईचा रोख मुख्यतः साइटींवर असतो. 2019मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने बंद केलेल्या साइटींचे नव्या पत्त्यावरचे अवतारही रोखण्याची सोय करून दिली. जर्मनीत मात्र टॉरेंट चालवणाऱ्याच्या घरी थेट वकिलाचं पत्र येतं, तिकडे शिकायला जाणाऱ्या मुलांच्या कानावर हे घालून ठेवावं.

टेलिग्रामवर आपण काही अपलोड करत नाही, हे भाच्याचं म्हणणं खरं आहे. पण मुळात चोरीच्या प्रतीवरून घेतलेली नक्कल रास्त कशी म्हणायची, हे मला तरी पटवून देता येणार नाही. आणि चॅनेलवाल्यांची नावं कायम गुलदस्त्यात राहतात असंही नाही. शिकवणीच्या व्हिडिओंच्या एका खटल्यात 2022मध्ये टेलिग्रामला ती न्यायालयात द्यावी लागली.

'जुनी गाणी आता मोकळी झाली' हे अर्धंच खरं. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षं. 1960ची तबकडी 2020अखेर मोकळी झाली. पण शब्द आणि चाल यांचा हक्क कवी-संगीतकाराच्या निधनानंतर 60 वर्षं चालतो. गदिमा 1977मध्ये गेले, म्हणजे त्यांचे शब्द 2037अखेरपर्यंत बांधलेले आहेत.

फक्त सिनेमाची गाणी ऐकायची असतील तर हा खटाटोप नकोच, एखाद्या ॲपची वर्गणी भरा. घरात कॅसेटी असतील तर मी उतरवा म्हणेन, महिन्याला दोन-चार झाल्या तरी पुष्कळ. मात्र उतरवून झाल्या म्हणून भंगारात देऊ नका, विकू तर नकाच. मूळ कॅसेट हातची गेली की 'मी माझ्यासाठीच उतरवली' हे म्हणणं लंगडं पडतं.