ईपीडीएम स्टीम होज: सहा-सात महिने वापरल्यावर (एका थेंबाची तक्रार)

प्रेसच्या हलत्या प्लेटला वाफ पोचवायला हा पाइप बसवला. आतून ईपीडीएम (एक कृत्रिम रबर), मध्ये स्टीलच्या तारेची वीण, वरून पुन्हा ईपीडीएम. आयएसओ ६१३४ (वाफेच्या रबरी पाइपांचं मानक), टाइप २, १८ बार दाब, २१० अंश सेल्सिअस हे पाइपावरच छापलेलं असतं, त्यात वेळ घालवत नाही. आमची लाइन ७ बारवर चालते, म्हणजे वाफ साधारण १७० अंशांची. रेटिंगच्या बरीच खाली. तरी रोज सकाळी क्लॅम्पपाशी (पाइपाचं टोक बाहेरून आवळणारा पट्टा) थेंब!

थेंबच, धार नव्हे. वाफ सोडली की थोडा वेळ टपटप, पाइप नीट तापला की बंद. मग दिवसभर कोरडा ठणठणीत. विक्रेत्याचा माणूस यायचा दुपारी, तेव्हा गळतीचा मागमूस नाही. तो माझ्याकडे असा बघायचा की जणू मीच पाणी शिंपडलंय. सल्ला ठरलेला: "काही नाही साहेब, नट आवळा." आवळले. काही दिवस बरं, मग पुन्हा टपटप.

यात गूढ काही नाही. तापल्यावर रबर स्टीलच्या कितीतरी पट फुगतं. निपल (टोकात आतून घातलेली धातूची नळी) आणि क्लॅम्प यांच्यात त्याला फुगायला जागा नसते, म्हणून गरम असताना ते घट्ट बसतं आणि गळती थांबते. पण त्याच दाबाखाली, त्याच उष्णतेत, रबराच्या रेणूंच्या साखळ्यांमधले काही बंध तुटतात आणि दबलेल्या आकारातच नवे जुळतात. रात्री पाइप गार झाला की रबर आक्रसतं आणि मूळ जाडीवर काही परत येत नाही. याला कॉम्प्रेशन सेट म्हणतात. मोजायची पद्धतही ठरलेली आहे: नमुना साधारण २५ टक्के दाबायचा, ओव्हनमध्ये ठेवायचा, मोकळा करून अर्ध्या तासाने बघायचं. पूर्ण परत आला तर शून्य टक्के, अजिबात नाही आला तर शंभर. माहितीपत्रकात २१० अंश ठळक अक्षरात, कॉम्प्रेशन सेटचा आकडा मात्र कुठेच नाही. पाइप फुटणार नाही एवढंच २१० सांगतो. टोकं किती दिवस घट्ट राहतील, ते कॉम्प्रेशन सेटचा आकडा सांगतो. मी विचारला तर पलीकडून उत्तर, "तेवढं डीप कोणी विचारत नाही."

पहिल्या दोन महिन्यांत मी याला दोनच तारे दिले असते.

मत बदललं ते आधीचा जुना पाइप करवतीने कापला तेव्हा. तो स्वस्तातला, साधा गरम पाण्याचा. आतलं अस्तर इतकं कडक झालेलं की नख रुतेना, वाकवलं तर काटकन तडा. जागोजागी लाह्या फुटल्यासारखे फोड. बंद असताना अस्तरात पाणी मुरतं आणि पुढच्या वेळी तापताना त्याची आतल्या आतच वाफ होते, त्याचे हे फोड. नव्या पाइपाचंही टोक कापावं लागलं (कारण पुढे येतं). तो तुकडा अजून लवचीक, अस्तर गुळगुळीत, तारेला रबर असं चिकटलेलं की चाकूने सुटेना. अशा जोड-मालात आधी हार मानते ती रबर आणि तार यांच्यातली पकड, आणि इथे ती शाबूत होती. रबराला मनातल्या मनात तीन तारे वाढवले.

टोक का कापलं? कारण दोष रबरापेक्षा क्लॅम्पचा जास्त निघाला. त्याचे दोन्ही अर्धे एकमेकांना भिडले होते. एकदा भिडले की पाना कितीही फिरवा, रबरावर दाब वाढतच नाही. पाइपच्या बाहेरच्या व्यासाला एक माप मोठा क्लॅम्प याच लोकांनी दिलेला! टोक कापून योग्य मापाचा बसवला, पाइप गार आणि वाफ बंद असताना दोन-तीनदा पुन्हा आवळला. थेंब आता क्वचितच.

तो बसवतानाही विक्रेत्याच्या माणसाने निपल सरकावं म्हणून ग्रीसचा डबा काढला. मी हात धरला. ईपीडीएम वाफेला पुरून उरतं, पण खनिज तेलात फुगून मऊ पडतं. साबणाचं पाणी लावा, पुरतं.

वरच्या रबरावर सुईने टोचल्यासारखी बारीक भोकं दिसतील. तो दोष नाही, मुद्दाम केलेली असतात. अस्तरातून झिरपणारी वाफ तिथून निघून जाते, नाहीतर वरचा थर फुग्यासारखा सुटतो. वरून रंग मारून ती बुजवू नका.

सिलिकॉनचा किंवा एफकेएमचा (फ्लोरिनयुक्त रबराचा) महागडा पाइप गळ्यात मारायचा प्रयत्न होईल. कोरड्या उष्णतेत दोन्ही ईपीडीएमच्या पुढे, पण दाबाखालच्या वाफेत सिलिकॉन खचतं आणि साधं एफकेएमही टिकत नाही. जास्त पैसे देऊन कमी आयुष्य कशाला घ्यायचं?

बंद करताना ड्रेन कॉक (साचलेलं पाणी सोडायचा नळ) उघडून पाइप रिकामा करतो, आणि प्रेसला चालत असेल तर दाब थोडा कमीच ठेवतो, म्हणजे वाफही कमी तापलेली. तापमान वाढलं की दर १० अंशांना रबराचं आयुष्य साधारण निम्मं होतं असा ढोबळ हिशोब आहे, तो उलटाही लागू पडतो.

पाइपाला साडेचार तारे. पुढचाही हाच घेईन, क्लॅम्प मात्र दुसरीकडून, कॅलिपरने व्यास मोजून.