केनियातल्या मिशनच्या बालगृहातली सेवा : जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी माझा अनुभव

पाचपैकी चार गुण. एक का कापला ते पुढे येईलच. लेकरांची ओळख उघड होऊ नये म्हणून बालगृहाचं नाव लिहीत नाही. पश्चिम केनियात, काकामेगाच्या परिसरात, ख्रिस्ती मिशनच्या सिस्टर, म्हणजे नन, ते चालवतात, एवढं पुरे.

मी गडचिरोली जिल्ह्यातल्या आरमोरी तालुक्यातली, प्राथमिक आरोग्य केंद्रातून निवृत्त झालेली आरोग्यसेविका. घरचे आम्ही बौद्ध. पूर्वी आमच्या भागात मिशनच्या दवाखान्यात असलेल्या एक केरळी सिस्टर आता तिकडे आहेत, त्यांनी बोलावलं. "ताई, इथे लेकरांना मांडीवर घेणारे पुष्कळ येतात. नोंदवही नीट लिहिणारं कोणी येत नाही," असं त्या फोनवर म्हणाल्या, आणि मी हो म्हटलं. धान घरात आल्यावर निघाले, रोवणीच्या आधी परत आले.

मुंबईहून नैरोबीला थेट विमानाने सहा तास लागतात. पुढे काकामेगापर्यंत रस्त्याने जवळजवळ अख्खा दिवस जातो. सगळीकडे मका, ऊस आणि तांबडी माती. विषुववृत्त अगदी जवळ आहे, तरी गाव समुद्रसपाटीपासून सुमारे १,५०० मीटर उंचावर असल्याने रात्री स्वेटर लागतो. दुपारनंतर गडगडाट होऊन पाऊस येतो. या भागात मिशनचं काम जुनं आहे. अमेरिकेतल्या क्वेकर पंथाच्या मिशनऱ्यांनी १९०२मध्ये जवळच्या कैमोसीला सुरुवात केली, त्यामुळे चर्च, शाळा आणि दवाखाना एकाच आवारात असणं तिथल्या लोकांना नवीन नाही.

राहण्याची सोय साधी आणि स्वच्छ आहे. खोलीत मच्छरदाणी, आंघोळीला बादलीभर गरम पाणी, प्यायला उकळलेलं पाणी. वीज जाते, त्याचं आपल्याला काय नवल. राहण्या-जेवणाचे पैसे महिन्याच्या महिन्याला द्यायचे, त्याची पावती मिळते. मधे कोणी दलाल नाही, हे मला फार आवडलं. आमच्याच ओळखीतल्या एका मुलीकडून दुसऱ्या ठिकाणच्या अशाच सेवेसाठी एका एजंटाने भरपूर पैसे घेतले होते आणि त्यातले बालगृहाला किती पोचले ते तिला शेवटपर्यंत कळलं नाही.

दिवस पहाटे पाचला सुरू होतो. मोठी मुलं हातपंपावरून पाणी आणतात, अंगण झाडतात. सकाळी उजी मिळते, म्हणजे नाचणीच्या किंवा मक्याच्या पिठाची पातळ पेज, आपली आंबीलच. मग गणवेश घालून शाळा. मुलामुलींचे केस सारखेच बारीक कापलेले असतात. दुपारी गिठेरी, म्हणजे मक्याचे दाणे आणि घेवडा एकत्र शिजवलेला. रात्री उगाली. मक्याचं पीठ उकळत्या पाण्यात टाकून मोठ्या लाकडी पळीने घोटतात, घट्ट गोळा होतो, तो हाताने तोडून सुकुमा विकी नावाच्या पालेभाजीबरोबर खायचा. शंभरेक ताटांची उगाली घोटणाऱ्या बाईचे दंड बघावेत! तिखट नसतं, म्हणून माझ्या पिशवीतली भिवापुरी मिरची मी माझ्यापुरती काढायची. चपाती तिथे सणासुदीचं खाणं. रविवारी चपाती लाटायला बसले की पोरं चुलीभोवतीच घोटाळायची.

संध्याकाळी प्रार्थना होते. मी मागच्या बाकावर बसत असे. गाणी सुंदर म्हणतात, वाद्य नसलं तरी दोन-तीन सुरांत आपोआप लागतात. मला कोणी धर्माबद्दल विचारलं नाही, बदलायला सांगितलं नाही. मी बुद्धवंदना खोलीत म्हणायची, ते कळल्यावर सिस्टरांनी मेणबत्ती आणून दिली.

आता मुख्य काम. पहिले काही दिवस मी फक्त पाय तपासले. तिथे फुंझा नावाची मातीतली पिसू पायाच्या बोटांत शिरते आणि कातडीत रुतून अंड्यांनी फुगते. लेकरू लंगडायला लागतं, तोवर जखमा झालेल्या असतात. पूर्वी एकच सेफ्टी पिन सगळ्यांच्या पायात घालून किडे काढत, त्यातून धनुर्वात आणि इतर संसर्गाची भीती. आम्ही पिना बंद केल्या, पाय साबणाने धुणं आणि मलम लावणं सुरू केलं, आणि ज्या खोल्यांत मातीची जमीन होती तिथे सिमेंट करून घेण्यासाठी सिस्टरांच्या मागे लागले. दोन खोल्यांचं झालंही.

दुसरी गोष्ट मला तिथे भेटेल असं वाटलं नव्हतं. आठेक वर्षांचा एक पोरगा पावसाच्या रात्री पाय धरून रडायचा. घरमाता म्हणायची की शाळा चुकवायची सवय आहे. मी त्याचे डोळे बघितले, पिवळसर. हात-पाय बारीक, पोट पुढे, ताप वारंवार. गडचिरोलीत नोकरी केलेल्या बाईला यापुढे सांगावं लागत नाही. जिल्ह्याच्या दवाखान्यात तपासणी केली, सिकलसेल निघाला, म्हणजे आईवडिलांकडून येणारा रक्ताचा आजार.

हा आजार विदर्भात आहे आणि पश्चिम केनियातही आहे, त्याचं कारण एकच, मलेरिया. सिकलसेलचा एकच जनुक ज्याच्यात असतो त्या वाहकाला मलेरिया जीवघेणा होण्याचा धोका कमी असतो. म्हणून जिथे पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया, तिथे हा जनुक टिकून राहिला. पण आई आणि वडील दोघांकडून आला की लेकरू आजारी, आणि अशा लेकराला मलेरिया झाला तर तो फारच घातक. आपल्याकडे राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ला सुरू झाली. त्याच्या कितीतरी आधीपासून आम्ही शाळाशाळांत बोटातून थेंबभर रक्त घेऊन ते द्रावणात टाकायचो आणि गढूळ झालं की पुढच्या तपासणीला पाठवायचो. तेच काम तिथे उपयोगी पडलं. बाकीच्या मुलांचीही तपासणी करून घेतली. मग प्रत्येक बाधित मुलाचं पान उघडलं : फॉलिक ॲसिड रोज, मलेरिया प्रतिबंधक गोळी रोज, हायड्रॉक्सियुरिया हे सिकलसेलचं औषध डॉक्टरांनी लिहून दिल्याप्रमाणे आणि ठरल्या दिवशी रक्ततपासणी, पाण्याची बाटली कायम जवळ, थंडीत स्वेटर, ताप आला तर वाट न बघता दवाखाना.

हे पान मी भरून उपयोग नव्हता. मी तर जाणार होते. म्हणून घरमातांपैकी दोघींना शिकवलं, त्याच भरतील असं ठरवलं आणि शेवटचे आठवडे मी वहीला हातच लावला नाही, फक्त शेजारी बसले. त्यातल्या एकीने न विचारता दुसऱ्या मुलाची पोटातली प्लीहा (पानथरी) वाढल्याचं हाताने ओळखलं. त्या दिवशी मला जेवढं बरं वाटलं तेवढं अख्ख्या नोकरीत क्वचितच वाटलं असेल.

आता एक गुण कशाला गेला ते. परदेशातून तरुणांचे गट दोन-दोन आठवड्यांसाठी येतात. चांगल्या मनाची पोरं असतात, त्याबद्दल शंका नाही. येतात, भिंत रंगवतात, लहानग्यांना दिवसभर कडेवर घेतात, फोटो काढतात आणि जातात. ते गेल्यावर तीन वर्षांची एक मुलगी दोन दिवस जेवली नाही. फाटकाशी उभी राहायची. तिला ज्या हातांची सवय लावली ते हात वर्षातून अनेकदा बदलतात. शिवाय पाहुणे आले की अभ्यास सोडून मुलांना गाणं म्हणायला उभं करतात. हे बंद व्हायला पाहिजे, मी सिस्टरांना तोंडावर सांगितलं. त्यांना पटतं, पण देणग्या त्याच गटांकडून येतात, ही त्यांची अडचण. डिसेंबर २०१९मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेसुद्धा अनाथालयांतल्या अशा पर्यटनवजा सेवेचे धोके ठरावात मांडले आहेत.

आणि ही मुलं अनाथ कुठली? मी पोचले तेव्हा डिसेंबरची सुट्टी होती आणि अर्धं बालगृह रिकामं होतं. पोरं आजीकडे, मावशीकडे गेलेली. आई एचआयव्हीने गेली, बाप शहरात, आजी आहे पण शाळेचा खर्च झेपत नाही, अशी बहुतेकांची गोष्ट. आमच्याकडे नवरा गेलेली बाई पोराला वसतिगृहात ठेवते, तेव्हा तिला लेकरू नकोसं झालेलं नसतं. तिथेही तसंच. केनिया सरकारने २०१७मध्ये नव्या बालगृहांची नोंदणी थांबवली आणि २०२२पासून दहा वर्षांचा आराखडा आखला आहे की मुलं हळूहळू कुटुंबांत परत जावीत. आमच्या सिस्टर ते मनापासून करताहेत, आणि चार गुण मुख्यतः त्याचेच. मूल घरी पाठवतात, शाळेची फी देतात, महिन्याला कोणीतरी भेटून येतं. त्या सिकलसेलच्या पोराची आजी एका रविवारी कोंबडी आणि केळ्यांचा घड घेऊन आली. तिला आम्ही गोळ्या दाखवल्या, कोणती कधी ते चित्रं काढून दिलं. ती सगळं तीनदा म्हणून दाखवून गेली. पोरगा आता तिच्याकडे असतो.

तेव्हा कोणी जावं? नर्स, हिशेब जाणणारे, सुतार, शिवणकाम शिकवणारे, आणि किमान काही महिने राहू शकणारे. कॉलेजच्या सुट्टीत दोन आठवडे काढून लहान मुलांशी खेळायला जायचं असेल तर कृपा करून जाऊ नका. तेवढाच वेळ आपल्या तालुक्यातल्या बालगृहाच्या अधीक्षकांना विचारून अभ्यासिकेत द्या, दर आठवड्याला.

जाणाऱ्यांसाठी : पीतज्वराची (यलो फीव्हर) लस प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घ्या आणि लस घेतल्याचं पिवळं कार्ड जपून ठेवा. परत येताना ते नसेल तर भारतात सहा दिवसांपर्यंत अलग ठेवतात. साठी ओलांडलेल्यांनी ही लस डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. पर्यटक म्हणून जाऊन सेवा करू नका, त्यासाठी वेगळा परवाना लागतो आणि तो संस्थेने आधी काढून द्यायला हवा. जी संस्था याबद्दल बोलायलाच तयार नाही तिथे पैसे भरू नका. पोलिसांचं चारित्र्य प्रमाणपत्र मागितलं तर रागावू नका, मागत नसतील तरच काळजी करा. ते मिळायला आपल्याकडे वेळ लागतो, म्हणून अर्ज तिकीट काढण्याच्या आधी करा.